एमसीव्ही ११८: आधी रक्त काढा, मग इंजेक्शन

वाचकांचे प्रश्न: मोठ्या तांबड्या पेशी, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड

प्रश्न: वय ५२, पूर्ण शाकाहारी, किराणा दुकान आहे. काही महिन्यांपासून जिना चढताना दम लागतो. जीभ लालबुंद आणि गुळगुळीत झाली आहे, तिखट सोसत नाही. हिमोग्लोबिन ८.१, एमसीव्ही ११८, आरडीडब्ल्यू २१, प्लेटलेट १ लाख १० हजार, बिलिरुबिन २.१ आले. घरचे म्हणतात कावीळ आहे आणि एकाने झाडपाल्याचे औषधही आणून दिले. डॉक्टरांनी मात्र बी-१२ची इंजेक्शने लिहून दिली आहेत. नेमके काय समजायचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: झाडपाला आजच बंद करा. डॉक्टरांचा रोख बरोबर दिसतो. फक्त पहिले इंजेक्शन घेण्याआधी तपासणीसाठी रक्त दिले आहे ना, एवढे पाहा.

एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते फेमटोलिटरमध्ये मोजतात आणि मोठ्या माणसात ८० ते १०० असते. १००च्या वर गेले की पेशी मोठ्या झाल्या असे म्हणायचे. १०२-१०५ला कारणे डझनभर असतात. ११५ ओलांडले, वर हायड्रॉक्सियुरियासारखे औषधही चालू नाही, तर बहुतेक वेळा बी-१२ किंवा फॉलेट (गोळीतले फॉलिक ॲसिड हे त्याचेच रूप) कमी पडलेले असते. या दोन्हींशिवाय अस्थिमज्जेतल्या पेशींना डीएनए वेळेत तयार करता येत नाही. केंद्रक मागे राहते, बाकीची पेशी वाढत राहते, विभाजने कमी होतात आणि जी पेशी तयार होते ती आकाराने मोठी निघते. त्यातल्या पुष्कळशा रक्तात येण्याआधी मज्जेतच मरतात. त्यांचे हिमोग्लोबिन फुटून बिलिरुबिन होते, म्हणून डोळे किंचित पिवळे दिसतात. बिलिरुबिनमधला ‘इनडायरेक्ट’ भाग जास्त, यकृताची एसजीपीटी तपासणी ठीक आणि लघवीचा रंग नेहमीचा, असे असेल तर दोष यकृताकडे जात नाही. प्लेटलेटही त्याच मज्जेत बनतात, त्यामुळे त्याही उतरतात.

एक शंका तेवढी मिटवून घ्यायला हवी. रक्तपेशी शरीरात फुटत असल्या तरी पिवळेपणा, वाढलेले एलडीएच (फुटलेल्या पेशींतून रक्तात येणारे द्रव्य) आणि थोडा वाढलेला एमसीव्ही हे त्रिकूट दिसते. फरक रेटिक काउंट, म्हणजे रक्तात नव्याने आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी, दाखवतो. पेशी फुटत असतील तर मज्जा जोमाने नव्या पेशी सोडते आणि रेटिक वाढतो. बी-१२ नसेल तर मज्जेला पेशी बनवताच येत नाहीत, म्हणून रेटिक कमी राहतो.

दुसरी तपासणी पेरिफेरल स्मिअर. मशीनचा आकडा पुरेसा नाही, काचेवरचा थेंब माणसाने पाहिला पाहिजे. पॅथॉलॉजिस्ट तांबड्या पेशीची तुलना शेजारच्या छोट्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाशी करतात. निरोगी पेशी साधारण तेवढीच भरते, इथे ती मोठी आणि अंडाकृती दिसते. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाळ्या असतात. पाच पाळ्यांचे न्यूट्रोफिल शंभरात पाचाहून जास्त निघाले, किंवा सहा पाळ्यांचा एक जरी दिसला, तरी निदान जवळपास झाले. दारू किंवा यकृताच्या आजारात पेशी मोठ्या असतात, पण गोल. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त दिवसभर पडून राहिले तर पेशी नुसत्याच फुगतात, तेव्हा स्मिअर काही तासांत करून घ्या.

यांच्यासोबत बी-१२, फॉलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) आणि यकृताच्या तपासण्या एकाच वेळी द्या. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० संशयास्पद. काही लॅब पिकोमोलमध्ये लिहितात. तिथले १५० म्हणजे इथले साधारण २००. संशयास्पद असेल तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड करता येते. होमोसिस्टीन दोन्ही कमतरतांत वाढते, मिथाइलमॅलोनिक ॲसिड फक्त बी-१२च्या.

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत सर्वांत जास्त घोळ इथेच दिसतो. आधी इंजेक्शन, मग तपासणी. एक इंजेक्शन टोचले की रक्तातला आकडा काही आठवडे फुगलेला राहतो, मग रिपोर्टवर ‘२००० पेक्षा जास्त’ छापून येते आणि पेशंटला सांगितले जाते की बी-१२ भरपूर आहे. केसांसाठी ५-१० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही मशीनवर त्यांनी बी-१२ खोटे वाढलेले दिसते. मात्र रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवायचे नाहीत. सकाळी रक्त द्या, दुपारी इंजेक्शन घ्या.

प्रश्न: आईचे वय ६८. मधुमेह आहे, बारा वर्षे मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्रॅझोल चालू आहे. पाय बधिर झालेत. बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, दोनदा पडली. हिमोग्लोबिन १२.२ आणि एमसीव्ही ९० आहे, म्हणून ‘रक्त ठीक आहे, हे शुगरचेच’ असे सांगितले. खरे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. तिचे बी-१२ याच आठवड्यात तपासा.

डोळे मिटले की तोल जाणे हे मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या तंतूंचे दुखणे असू शकते. पाय कुठे आहेत हे मेंदूला तिथून कळते. डोळे उघडे असताना नजर सांभाळून घेते, अंधारात किंवा तोंड धुताना ती सोय जाते. डॉक्टर १२८ हर्ट्झचा कंपन करणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्यावर टेकवून कंपन कळते का ते पाहतील आणि पाय जुळवून, डोळे मिटून उभे करतील. मधुमेहानेही पाय बधिर होतात, हे खरेच. पण मधुमेहाला इलाज करून नसा परत येण्याची आशा मर्यादित. बी-१२ची कमतरता वेळेत सापडली तर पुष्कळ परत येते. म्हणून आधी ती शोधायची.

आता एमसीव्ही नॉर्मल कसा? मज्जारज्जूला इजा होण्यासाठी रक्तक्षय असावाच लागतो असे नाही. शिवाय आपल्याकडे लोहाची कमतरता घरोघरी आहे. लोह कमी असले की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असले की मोठ्या. दोन्ही एकत्र आले की सरासरी ९० येते आणि रिपोर्ट निर्दोष दिसतो. थॅलॅसेमिया मायनर या आनुवंशिक दोषात पेशी मुळातच लहान असतात, तिथेही हेच होते. अशा वेळी आरडीडब्ल्यू पाहा. तो पेशींच्या आकारातली तफावत दाखवतो, साधारण १४-१५ पर्यंत ठीक. एमसीव्ही ९० आणि आरडीडब्ल्यू २० असेल तर त्या नळीत लहान आणि मोठ्या अशा दोन्ही पेशी आहेत.

मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून होणारे बी-१२चे शोषण कमी करते. पॅन्टोप्रॅझोलने आम्ल घटते, आणि अन्नातल्या प्रथिनांपासून बी-१२ सुटायला आम्ल लागते. दोन्ही एकत्र, तीही वर्षानुवर्षे, म्हणजे वर्षातून एकदा बी-१२ तपासलेच पाहिजे. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. ते चालू ठेवून बी-१२ देता येते. पॅन्टोप्रॅझोलची गरज अजून आहे का, हे मात्र जरूर विचारा. अनेकांचे ते कारण संपल्यावरही चालूच राहते.

आणि कोणी ‘बघू तरी’ म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नका. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, हिमोग्लोबिन चढते, सगळ्यांना बरे वाटते आणि आत मज्जारज्जूचे नुकसान चालूच राहते. आधी किंवा बरोबरीने बी-१२ हवेच.

प्रश्न: वय ४१, काही त्रास नाही. कंपनीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १४.६, एमसीव्ही १०४ आले. बी-१२ ४१० आहे. काळजी करू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: पत्रात दारूचा उल्लेख नाही, पण विचारावे लागते. रोजचे दोन-तीन पेग एवढे कारण पुरते. रक्तक्षय नसताना, जीवनसत्त्वे ठीक असताना, दारू थेट मज्जेवर परिणाम करून पेशी मोठ्या करते. पूर्ण बंद केली तर दोन ते चार महिन्यांत आकडा खाली येतो, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि जुन्या पेशी संपाव्या लागतात. दारू नसेल तर टीएसएच, यकृत आणि चालू औषधे तपासा: फिटचे फेनिटॉइन, मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिन, झिडोव्ह्यूडिन. सगळे ठीक निघाले तर तीन महिन्यांनी सीबीसी (सर्व रक्तपेशींची मोजणी) पुन्हा.

प्रश्न: बी-१२ १२० आले. एक डॉक्टर इंजेक्शन म्हणतात, दुसरे गोळी. मेडिकलवाला म्हणतो मिथाइलच घ्या, सायनो जुने झाले. डोस किती, किती दिवस, आणि गुण आला हे कसे कळायचे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: मिथाइल की सायनो, या बी-१२च्या दोन प्रकारांवर वेळ घालवू नका. शरीरात दोन्हींचे काम एकच होते. बाजारातले नाव बदलले म्हणून रक्त वेगळे सुधारत नाही. डोस पुरेसा आहे का आणि कोर्स पूर्ण झाला का, यावर सगळे अवलंबून.

मुंग्या, बधिरता, तोल जाणे, विसरभोळेपणा किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल तर इंजेक्शनच. नेहमीची पद्धत म्हणजे १००० मायक्रोग्रॅम स्नायूत, दिवसाआड दोन आठवडे, मग चार आठवडे दर आठवड्याला एक, मग महिन्याला एक. मिथाइलची अँप्युल बहुधा १५०० मायक्रोग्रॅमची मिळते, तीही चालते. नसांचा त्रास असेल तर सुरुवातीचा दाट टप्पा लांबवतात. असा त्रास नसेल, कारण फक्त आहार असेल, तर रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅमची गोळी तितकीच गुणकारी. नेहमीच्या वाटेने बी-१२ शोषले जायला जठरात तयार होणारा ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ लागतो. पण मोठ्या डोसचा साधारण शंभरावा भाग त्याच्याशिवायही आतड्यातून पाझरतो. १०००चा शंभरावा भाग १०, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच. मल्टिव्हिटामिनच्या कॅप्सूलमध्ये मात्र काहीच मायक्रोग्रॅम असतात. स्ट्रिपवरचा आकडा वाचा. बी-१, बी-६, बी-१२ एकत्र असलेली इंजेक्शने सरसकट दिली जातात. बी-६ मोठ्या मात्रेत फार काळ गेले तर त्यानेच पाय बधिर होतात, म्हणून नुसते बी-१२ बरे.

गुण कळायचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत भूक लागते, तरतरी येते. हिमोग्लोबिन मात्र जागचे हललेले नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रेटिक चढायला लागतो आणि आठवडाभरात शिखर गाठतो. म्हणून सातव्या दिवशीचा रेटिक काउंट ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची परीक्षा. तो वाढला नाही तर निदान चुकले आहे किंवा सोबत आणखी काही आहे. हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही जागेवर यायला सुमारे आठ आठवडे. जीभ लवकर बरी होते. मुंग्या सुरुवातीला वाढल्यासारख्या वाटू शकतात, घाबरून कोर्स सोडू नका. नसांची सुधारणा सहा आठवडे ते तीन महिन्यांत दिसू लागते आणि सहा महिने ते वर्षभर चालते. फार जुने नुकसान काही अंशी राहून जाते.

दोन गोष्टी मध्येच अडतात. हिमोग्लोबिन ५-६ असेल तर पहिल्या आठवड्यात पोटॅशियम घसरू शकते, कारण एकाएकी बनू लागलेल्या लाखो पेशी ते ओढून घेतात. हृदयाचे पेशंट असतील तर दवाखान्यात तपासत राहावे लागते. दुसरी गोष्ट लोहाची. सुरुवात छान होते, मग महिन्याभराने हिमोग्लोबिन १०.५ ला अडते आणि पुढे एमसीव्ही ११५ वरून उतरत ८०च्या खाली जाऊ लागतो. नव्या पेशींनी साठ्यातले लोह संपवलेले असते. फेरिटिन करा, लोह सुरू करा. बी-१२ ‘लागू पडले नाही’ म्हणून ते बंद करू नका.

हिमोग्लोबिन पाहून घाईने रक्त चढवण्याचीही पद्धत आहे. हळूहळू उतरलेल्या रक्तक्षयात शरीराने जुळवून घेतलेले असते. दोन बाटल्या भराभर चढवल्या तर वृद्धांच्या फुप्फुसात पाणी होते. छातीत दुखत असेल, बसल्या जागी दम लागत असेल तरच एक बाटली, संथ, देखरेखीखाली.

किती दिवस, ते कारणावर. आहार सुधारला तर कोर्सनंतर कमी डोसची गोळी पुरते. जठर किंवा आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल, किंवा इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्ध अँटिबॉडी निघाल्या, तर आयुष्यभर. अंडी-मासे खाणाऱ्याचे बी-१२ १२० आले तर ही अँटिबॉडी जरूर तपासा. सोबत थायरॉइड किंवा कोड असेल तर अधिकच.

प्रश्न: सुनेला चौथा महिना आहे. घरी पूर्ण शाकाहार. सरकारी दवाखान्यातून लोह-फॉलिकच्या लाल गोळ्या मिळाल्या. बी-१२ वेगळे लागते का?
– एक वाचक, बारामती

उत्तर: बहुधा लागते, आणि तिच्या डॉक्टरांना हे तुम्हीच विचारा. त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही. गोळी सोडायची नाही. रोज एक, किमान १८० दिवस.

गरोदर बायकांच्या मोठ्या पेशींवरचा इलाज मुंबईतच सापडला, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होई, पेशी मोठ्या दिसत. त्यांनी यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारातले मार्माइट, देऊन पाहिले आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक म्हणजे फॉलेट. १९४१ साली पालकापासून वेगळे काढल्यावर त्याला हे नाव मिळाले.

आज आपल्या भागात चित्र उलटे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश स्त्रियांचे बी-१२ कमी निघाले. फॉलेट कमी असलेली मात्र एकच. ज्या आयांचे फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक दिसले. म्हणून फॉलिकच्या जोडीला बी-१२ हवे, फॉलिक कमी करायचे नाही.

बाळंतपणानंतरही बी-१२ चालू ठेवा. आईच्या दुधात ते नसेल तर चार-सहा महिन्यांनंतर बाळ मलूल होते, हसायचे थांबते, सावरलेली मान पुन्हा टाकते. बोटांच्या पेरांवरची कातडी काळी पडते, केस विरळ आणि तपकिरी होतात, पुढे हात-मान थरथरू लागतात. पेरे काळी दिसली की ‘उन्हाने झाले’ म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न: मुलाला सिकलसेल आहे. हायड्रॉक्सियुरिया सुरू केल्यापासून एमसीव्ही ८४ वरून १०९ झाला. औषध बंद करू का?
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर: नका करू. हा त्या औषधाचा अपेक्षित परिणाम आहे. उलट आकडा वाढला नाही तर मुलगा गोळ्या चुकवतो आहे का, असे डॉक्टर विचारतात. लक्ष पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटवर ठेवायचे, ठरलेल्या तारखेला सीबीसी करायची. फॉलिक ॲसिड दिले असेल तर तेही चालू ठेवा.

प्रश्न: इंजेक्शन नको, आहारातूनच भरून काढायचे आहे. ताक, इडली, शेवगा, स्पिरुलिना यांत बी-१२ असते म्हणतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर: हिशेब करून पाहा. शरीरातला साठा २ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे २००० ते ५००० मायक्रोग्रॅम. पेलाभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम, एका अंड्यातून अर्धा. साठा रिकामा झाला असेल तर दुधाने तो किती वर्षांत भरेल? आहार साठा टिकवायला उपयोगी, भरायला औषधच.

शेवग्यात, अळूत, कोणत्याच पालेभाजीत बी-१२ नाही. इडलीचे पीठ आंबवून ते भरवशाइतके तयार होत नाही. स्पिरुलिनात जे सापडते ते बहुतांशी बी-१२सारखे दिसणारे, शरीराच्या उपयोगी न पडणारे द्रव्य. दही-ताकातले बी-१२ दुधाचेच. पाणीदार ताकात ते तितकेच पातळ झालेले. खाणाऱ्यांसाठी कलेजी, तिसऱ्या (शिंपले) आणि बांगडा यांची बरोबरी कशालाच नाही.

फॉलेटचे उलट. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग यांत ते भरपूर, पण उष्णतेने जाते आणि पाण्यात उतरते. भाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले तर बरेचसे मोरीत गेले. फॉलेटचा साठा तीन-चार महिनेच पुरतो, बी-१२चा तीन ते पाच वर्षे. म्हणून मांसाहार सोडल्यावर त्रास इतक्या उशिरा सुरू होतो की कोणी दोन्हींचा संबंध जोडत नाही. जाता जाता: शेळीच्या दुधात फॉलेट फारच कमी असते, तान्ह्या बाळाला केवळ त्यावर ठेवू नका.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे. बी-१२ आणि फॉलिकचा पूर्ण कोर्स झाला, तरी हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही १०८, पांढऱ्या पेशी २६००, प्लेटलेट ७० हजार.
– एक वाचक, अकोला

उत्तर: रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा, आणखी टॉनिके नकोत. या वयात, तिन्ही पेशी कमी आणि उपचाराला दाद नाही, तर मज्जेचाच आजार, मायलोडिस्प्लासिया, असू शकतो. त्यासाठी बोन मॅरो आणि क्रोमोसोमची तपासणी लागते. मॅरो कंबरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून काढतात; बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. जाताना आधीचे सगळे सीबीसी तारखेनुसार लावून न्या.

प्रश्न: डिसेंबरातला रिपोर्ट: हिमोग्लोबिन १०.५, तांबड्या पेशी १८ लाख, एमसीव्ही १२५, एमसीएचसी ४६. लॅब म्हणते मशीन बरोबर आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर: मशीन बरोबर असेल, नमुना गार होता. एमसीएचसी, म्हणजे पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी, ४६ असूच शकत नाही. ३६च्या वर गेला की शंका घ्यायची, कारण तांबड्या पेशीत त्याहून फारसे जास्त हिमोग्लोबिन मावत नाही. एरवी हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिटएवढी (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) येते, १०.५ला ३१ यायला हवा होता, तुमचा २२.५ भरतो. काहींच्या रक्तात गारव्याने पेशी एकमेकींना चिकटवणारी अँटिबॉडी असते. दोन-तीन चिकटलेल्या पेशी मशीन एक मोठी पेशी म्हणून मोजते. नळी ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून लगेच पुन्हा चालवायला सांगा. एमसीव्ही ९० च्या आसपास आला तर बी-१२चा विषय संपला. पण अँटिबॉडीचा राहतो. नुकताच न्यूमोनिया किंवा विषाणूचा ताप झाला होता का, थंडीत बोटे निळी पडतात का, हे डॉक्टरांना सांगा आणि स्मिअर, रेटिक, एलडीएच, डायरेक्ट कूम्ब्स (पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडीची तपासणी) करून घ्या.